वर्गणी भरणारा हात कोणाचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडून घेते. तुम्ही पंचावन्नच्या पुढच्या बायकांसाठी दर महिन्याला एक अंक काढता. त्यात कपडे, खाणं, प्रवास, पैसा, शरीराच्या तक्रारी, एकटेपण असं सगळं असतं. तो पीडीएफ म्हणून फोनवर जातो, आजवर फुकट गेला, आणि सुमारे चार हजार जणींपर्यंत पोचतो. गुडघ्याच्या तेलाच्या आणि विम्याच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत हे तुमचं पक्कं आहे. आता महिना पन्नास रुपये वर्गणी लावली तर अंक तगेल का, आणि मुळात या वयाच्या बायका पैसे देतील का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय पैसे देणाऱ्यांना वेगळं काय द्यायचं, हेही.

मी बरीच वर्षं छोट्या मराठी नियतकालिकांच्या वर्गणीचं काम बघते. संपादन नव्हे; वर्गणीदारांच्या याद्या, पावत्या, नूतनीकरणाचे फोन, पत्ता बदलल्यामुळे परत आलेले अंक. त्या टेबलावरून जे दिसतं तेवढंच सांगू शकते.

देतील. त्यांच्याकडे पैसे नाहीत किंवा त्यांना वाचनाची किंमत नाही, असं मला कधी दिसलं नाही. कोणाला स्वतःची पेन्शन असते, कोणाला कुटुंब निवृत्तिवेतन, कोणाला मुदतठेवीचं व्याज, आणि काहीच नसेल तर घरखर्चातून बाजूला काढलेले तरी असतातच. घोडं अडतं ते पुढे. अंक वाचते आई, पण फोनवरचं पैशाचं ॲप मुलाने घालून दिलेलं असतं, किंवा ते खातं ‘हे’ बघतात. म्हणजे पन्नास रुपये भरायचे तर तिला कोणाला तरी सांगावं लागतं. त्यावर ‘फुकट येत होतं ना, मग आता कशाला?’ असं कोणीतरी म्हणणार, हे तिला आधीच ठाऊक असतं. ती सांगतच नाही. तुम्हाला वाटतं, तिला अंक आवडला नाही.

म्हणून तुमच्या चार हजारांतून एकच आकडा शोधायचा आहे: स्वतःच्या हाताने, कोणाला न विचारता, वर्षाचे सहाशे रुपये देऊ शकतील अशा किती जणी आहेत? प्रश्नावली पाठवून तो कळत नाही. ‘वर्गणी भराल का?’ असं विचारलंत तर सगळ्याच हो म्हणतील; आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. दर ठरवण्याआधी तीस-चाळीस वाचकांना फोन करा आणि वेगळंच विचारा: गेल्या महिन्यात फोनवरून शेवटचे पैसे कोणाला दिले, आणि ते तुम्हीच दिलेत का? बँकेत शेवटच्या कधी गेला होतात? चेकबुक आहे का? या तीन उत्तरांतून निम्मी योजना आपोआप ठरते.

इथे परिस्थितीप्रमाणे फरक पडतो. तुमच्या वाचक मुख्यतः निवृत्त शिक्षिका, बँकेतल्या, एलआयसीतल्या, परिचारिका असतील तर माझं पुढचं अर्धं सांगणं तुम्हाला लागणारही नाही. त्या स्वतः व्यवहार करतात आणि पावतीही मागून घेतात. तालुक्याच्या गावातल्या, आयुष्यभर घर सांभाळलेल्या बायका जास्त असतील तर मात्र पुढचा प्रत्येक मुद्दा लागेल. मी दुसरं धरून लिहिते.

सर्वात आधी, महिन्याची वर्गणी नको. आकड्याने पन्नास रुपये छोटे दिसतात म्हणून तो मोह होतो. पण दर महिन्याला आपोआप पैसे घ्यायचे तर यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरची कायमची परवानगी लागते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला तशी सूचना जावी लागते. नियम चांगलाच आहे. पण ‘तुमच्या खात्यातून उद्या ५० रुपये वजा होतील’ असा संदेश सकाळी सकाळी आला की काय होतं ते बघा. रोज पेपरात ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या वाचणारी, ‘ओटीपी कोणाला देऊ नकोस’ हे मुलांकडून शंभर वेळा ऐकलेली बाई तो संदेश थेट मुलाला पाठवते. मुलगा ऑफिसात असतो, तो म्हणतो ‘बंद कर’. एका सूचनेत वर्गणीदार गेली. असे बारा संदेश वर्षाला, म्हणजे गळतीचे बारा प्रसंग तुम्हीच ठरवून ठेवल्यासारखे.

वर्षाची वर्गणी मात्र या पिढीच्या अंगवळणी पडलेली आहे. किर्लोस्करवाडीचं ‘स्त्री’ मासिक १९३० साली निघालं, विद्या बाळ यांनी पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ १९८९ साली सुरू केलं. तुमच्या वाचकांतल्या कितीतरी जणींनी किंवा त्यांच्या आयांनी अशा मासिकांची वर्षाची वर्गणी मनीऑर्डरने पाठवलेली असेल. वर्षातून एकदा पैसे द्यायचे, पावती फाइलला लावायची, आणि वर्षभर अंकाची वाट बघायची. ही रीत नव्याने शिकवावी लागत नाही.

पैसे घेण्याच्या सोयीबद्दल जरा बारकाईने लिहिते, कारण इथेच सर्वात जास्त वर्गण्या सांडतात. तुमचं खातं सध्या कोणाच्या नावावर आहे? यूपीआयने पैसे देताना पडद्यावर घेणाऱ्याचं नाव दिसतं, आणि ३० जून २०२५पासून तर ॲपना बँकेच्या नोंदीतलं नावच दाखवावं लागतं. वाचक अंकाच्या नावाने पैसे द्यायला जाते आणि पडद्यावर तुमच्या यजमानांचं पूर्ण नाव येतं. ती थांबते. तिने थांबावं असंच तर सगळे तिला शिकवतात. तेव्हा अंकाच्या नावाने चालू खातं काढा. एकटीच्या मालकीच्या व्यवसायासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर, फुकट होते. दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामाला थोडीच माणसं असतील तर महाराष्ट्रात फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. या दोन कागदांवर बहुतेक बँका खातं उघडून देतात. मग क्यूआर कोडवर अंकाचं नाव येतं आणि चेकही अंकाच्या नावाने घेता येतो. चेक जुनाट वाटेल, पण सही करून पैसे देण्यात या वयाच्या बाईला जो निर्धास्तपणा असतो तो बोटाने दाबण्यात नसतो.

लिंक पाठवू नका. कधीच नाही, अगदी खरी असली तरी. अंकाच्या शेवटच्या पानावर क्यूआर, खाते क्रमांक, आणि एक फोन नंबर ठेवा, आणि त्या नंबरावर ठरलेल्या वेळी माणूस फोन उचलेल एवढं बघा. मी दुपारी चार ते सहा ही वेळ सुचवते. झोप झालेली असते, फिरायला आणि मालिकेला अवकाश असतो. तिला पैसे भरायला मदत लागत नाही, फक्त ‘तुम्ही खऱ्या आहात ना’ एवढं ऐकायचं असतं. पावती त्याच दिवशी गेली पाहिजे, तिच्या पूर्ण नावाने. ‘प्रिय ग्राहक’ अशी नको.

रोख पैसेही घ्या. प्रत्येक गावात एखादी उत्साही वाचक असतेच, जी हास्यक्लबात, भजनी मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांना ओळखते. तिला प्रतिनिधी करा, पावतीपुस्तक द्या, दहा वर्गण्यांमागे तिची एक मोफत. बायका एकमेकींकडे भिशीचे पैसे वर्षानुवर्षं देतात तेव्हा कोणी करारपत्र मागत नाही. तो विश्वास तुम्हाला बाजारातून विकत घेता येणार नाही, उसना मिळाला तर घ्या.

आता हिशेब. हे उदाहरणादाखलचे आकडे आहेत, तुमचे तुम्ही घाला. मांडणी करणाऱ्याचे महिन्याला ५,००० रुपये, तीन लेखिकांचं मानधन ४,५००, अंक वाचून ध्वनिमुद्रण करण्याचे २,५००, फोन, हिशेब आणि किरकोळ २,०००. झाले १४,०००. यात तुमचं स्वतःचं मानधन लिहा. बहुतेक जणी इथे शून्य घालतात आणि दोन वर्षांनी थकून अंक बंद करतात. किमान ११,००० धरा. म्हणजे महिन्याला २५,००० आणि वर्षाला तीन लाख.

वर्षाला सहाशे रुपये वर्गणी धरली तर पाचशे वर्गणीदार लागतील. चार हजारांतल्या पाचशे म्हणजे दर आठ जणींमागे एक. फुकटावरून वर्गणीवर येताना इतकं कधी धरून चालू नका. सुरुवातीच्या अंदाजाला मी शंभरात तीन धरते, म्हणजे तुमच्याकडे १२० जणी आणि ७२,००० रुपये. तीन लाखांच्या जागी ७२ हजार. आकडा वाचून दचकायला होतं, पण आत्ताच कळलेलं बरं.

मग काय करायचं? वर्गणी दुप्पट करून प्रश्न सुटत नाही, कारण हजाराच्या पुढचा आकडा घरात विचारावाच लागतो. त्यापेक्षा वेगळा गट काढा. प्रत्येक छोट्या मासिकाला काही वाचक अशा असतात ज्यांना अंक जगावा असं मनापासून वाटतं आणि ज्यांना अडीच हजार जड नसतात. त्यांना ‘हितचिंतक वर्गणी’ म्हणा. २५० साध्या वर्गण्यांचे दीड लाख, ४० हितचिंतकांचे एक लाख, आणि उरलेले पन्नास हजार दिवाळी अंकातून. मराठी नियतकालिकांचा दिवाळी अंकाच्या उत्पन्नाचा आधार जुना आहे. वर्षभर जाहिरात नाही, दिवाळीला निवडक, असं ठरवायला हरकत नसावी. तुमचा जाहिरातींना ठाम नकार असेल तर तो अंक वेगळ्या किमतीला विका. यातही मिळून पैसे देणाऱ्या २९० जणी लागतात, चार हजारांच्या सात टक्क्यांहून थोड्या जास्त, आणि तिथे पोचायला दोन वर्षं लागतील असं धरा. तोवर अंक द्वैमासिक करणं हा कमीपणा नाही. वाचक सहा अंक नीट वाचतात. बारा अंकांतले काही न उघडताच राहतात.

हितचिंतक म्हणताना एक मोह टाळा: आजीव वर्गणी. एकरकमी पाच हजार घ्यायचे आणि आयुष्यभर अंक पाठवायचा. पहिल्या वर्षी खात्यात बरे पैसे दिसतात, ते खर्चही होऊन जातात, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं अंक फुकट पाठवत राहावं लागतं. मराठीतल्या कितीतरी मासिकांच्या यादीत असे आजीव वर्गणीदार आहेत ज्यांनी भरलेल्या रकमेत आज वर्षाचं टपालही निघत नाही. शिवाय तुमचा वाचकवर्ग बघता ‘आजीव’ म्हणजे नक्की कोणाचा जीव, बाईंचा की मासिकाचा, हा प्रश्न कोणीतरी मिश्कीलपणे विचारणारच. फार तर तीन वर्षांची वर्गणी घ्या, आणि त्यातली पुढच्या वर्षांची रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवा.

लेकींबद्दल. साताऱ्यातल्या आईसाठी वर्गणी भरायला अमेरिकेतली मुलगी एका पायावर तयार असते. तिचं एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचं, खातं असेल तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती अशा ठरावीक देशांतल्या मोबाइल नंबरावरूनही यूपीआय चालतं, त्यामुळे परदेशी कार्डाचा खर्च वाचतो. भेट वर्गणी जरूर ठेवा. पण यादीत दोन नावं, दोन नंबर लिहा, कारण नूतनीकरणाचा निरोप मुलीला जायचा असतो आणि अंक कसा वाटला हे आईला विचारायचं असतं. आणि माझं मत विचाराल तर भेट वर्गणीवर सगळा डोलारा उभारू नका. भेट आलेला अंक आई प्रेमाने वाचते, पण थांबला तर विचारत नाही, मुलीला त्रास नको म्हणून. जिने स्वतःच्या पाकिटातून सहाशे दिलेत ती अंक दोन दिवस उशिरा आला तरी फोन करून हक्काने भांडते. मला दुसरी जास्त भरवशाची वाटते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं हा तुमच्यासाठी वर्षातला सर्वात चांगला काळ आहे. प्लास्टिकच्या डब्या वाण म्हणून वाटण्यापेक्षा तीन महिन्यांच्या वर्गणीचं छापील कार्ड वाटा असं सुचवा. दीडशे रुपयांचं एक, दहा घेतली तर दीड हजार. मात्र तुमच्या वाचकांमध्ये नवरा गेलेल्या बायका मोठ्या संख्येने असणार, आणि त्यांतल्या कितींना आजही त्या समारंभाला बोलावलं जात नाही हे तुम्हाला माहीत आहे. कार्डावर आणि जाहीर मजकुरात ‘तिळगूळ भेट’ लिहा, आणि अंकात उघडपणे सांगा की सगळ्यांना बोलवा. तुमचा अंक कोणाच्या बाजूचा आहे हे अशा ठिकाणीच कळतं.

पैसे देणाऱ्यांना वेगळं काय द्यायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. तुम्हाला सगळा अंक कुलूपबंद करायचाय. मला ते पटत नाही. पीडीएफ एका बाईकडे गेली की संध्याकाळपर्यंत तीन ग्रुपांवर जाते. ते रोखण्यात शक्ती घालवू नका, उलट प्रत्येक पानाच्या तळाशी अंकाचं नाव आणि फोन नंबर असू द्या. मुख्य अंक खुला ठेवा. वर्गणीदारांना द्या ते पुढे ढकलता न येणारं: अंकाचं ध्वनिमुद्रण, आणि महिन्यातून एकदा तासभर तज्ज्ञाशी बोलणं. कधी वारसनोंद आणि मृत्युपत्रासाठी वकील, कधी खांदा आखडलेल्यांना पुढून उघडणारा ब्लाउज शिवून देणाऱ्या शिंपीणबाई, कधी लघवीवर ताबा न राहण्याबद्दल मोकळेपणाने बोलणारी डॉक्टर. हे विषय घरात काढता येत नाहीत. एका वाचकांच्या बैठकीत एक बाई म्हणाल्या होत्या, ‘इथे मी विचारलं ते माझ्या सुनेला कळणार नाही ना?’ त्यांच्या वर्गणीचं कारण तेवढं होतं.

छापील अंक हवा असा आग्रह होईल. वर्षातून एक, मोठ्या टायपात, ठीक आहे. दर महिन्याला छापायचा विचार असेल तर आधी नोंदणी करावी लागेल. १८६७च्या जुन्या कायद्याच्या जागी १ मार्च २०२४पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा लागू झालाय. टपालाची सवलत नोंदणी झालेल्या नियतकालिकांनाच मिळते, आणि त्याशिवाय छपाई आणि टपालात सहाशेतला मोठा हिस्सा जातो. करांचं थोडक्यात: वर्गणी हे तुमचं उत्पन्न आहे, ते विवरणपत्रात दाखवायचं. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पावतीवर ‘देणगी’ लिहू नका. करसवलत मिळेल असा समज होतो, आणि ती फक्त रीतसर मान्यता असलेल्या संस्थांच्या देणगीवर मिळते. बँकेच्या क्यूआरवर यूपीआयने पैसे घेतले तर सहसा काही कापलं जात नाही. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी सेवा, घेतलंत तर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे सहाशेमागे चौदा रुपये धरा.

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षीची वर्गणी तुमच्यावरच्या मायेपोटी येते, दुसऱ्या वर्षीची अंकासाठी. सगळ्यांची वर्षं वेगवेगळ्या महिन्यांत संपू देऊ नका, एकट्या माणसाला ते सांभाळत नाही. जानेवारी आणि जुलै असे दोनच गट करा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विचारा, तेव्हा पेन्शन जमा झालेली असते. नोव्हेंबर टाळा, हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या चकरा चालू असतात आणि पैशाचा कुठलाही निरोप संशयाने बघितला जातो.

आणि नूतनीकरणाचा संदेश सरसकट पाठवू नका. तुमच्या यादीत दरवर्षी काही जणी राहिलेल्या नसतील. त्यांचा फोन लेकीने चालू ठेवलेला असतो, आणि त्यावर ‘आपली वर्गणी संपली आहे’ येणं बरं नाही. ज्यांचा दोन-तीन महिने काहीच प्रतिसाद नाही त्यांना आधी फोन करा, कोण बोलतंय ते विचारा, मग पुढचं बोला. यादीत शेऱ्याचा रकाना ठेवा: डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, ध्वनिमुद्रण पाठवा; मुलाकडे बंगळूरला गेल्या, मार्चमध्ये परत; आता वाचत नाहीत, पण बोलायला आवडतं. हा रकाना नीट ठेवणाऱ्या मासिकांचं नूतनीकरण इतरांपेक्षा चांगलं होतं असं मी पाहत आलेय, आणि त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

शेवटचं, जे वर्गणी मागण्याच्या आधीच लिहून काढायचं: अंक बंद पडला तर काय? पहिल्याच आवाहनात सांगा की वर्षाच्या मधे अंक थांबला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील. ते खरं करता यावं म्हणून वर्गणी जमा होईल तशी सगळी वापरायची नाही. दर महिन्याला बारावा हिस्साच खर्चाच्या खात्यात घ्यायचा, बाकीची ठेवीत. आणि स्वतःसाठी एक आकडा ठरवा. समजा सहा महिन्यांत शंभरसुद्धा वर्गणीदार झाल्या नाहीत तर द्वैमासिक करायचं, की फुकट आणि हौसेचं ठेवायचं, की थांबायचं? हे आत्ता, डोकं थंड असताना ठरवून कुठेतरी तारीख घालून लिहा. त्या चाळीस फोनांपासून सुरुवात करा. दर आणि बाकीचं सगळं त्यानंतर.